पाल यांचा प्रश्न आणि कोटणीसांचं गाव

नवी पेठेत ऐन बाजाराच्या वेळी गाडी लावायला जागा शोधून तुम्ही इतके जण आलात, म्हणजे विषय आवडो न आवडो, ऐकून जाणार हे नक्की.

आज आम्हाला एका निकालपत्राची चिकित्सा करायची आहे. न्यायमूर्ती राधाबिनोद पाल यांचं, टोकियो खटल्यातलं. ३ मे १९४६ ला हा खटला सुरू झाला आणि नोव्हेंबर १९४८ मध्ये निकाल लागला. अकरा न्यायाधीश. आरोपींत जपानचे चार माजी पंतप्रधान: तोजो, हिरोता, हिरानुमा आणि कोइसो. शेवटपर्यंत राहिलेल्या २५ आरोपींपैकी प्रत्येक जण दोषी ठरला. सात जणांना फाशी झाली, त्यांत तोजो आणि हिरोता होते. कलकत्त्याहून गेलेल्या पालबाबूंनी मात्र बाराशेहून अधिक पानांचं वेगळं मत लिहिलं आणि सगळ्यांना निर्दोष म्हटलं.

आपल्याकडे या निकालपत्राचं कौतुकच होतं. एका भारतीयाने विजेत्यांना तोंडावर सुनावलं, म्हणून. आणि त्यांचा प्रश्न खराच बिनतोड आहे. युद्ध जिंकलेल्यांनी हरलेल्यांसाठी न्यायालय काढायचं, कायदा गुन्ह्यानंतर लिहायचा आणि स्वतःच्या अणुबाँबबद्दल चकार शब्द काढायचा नाही, याला न्याय कसं म्हणायचं?

सोलापूरकराला हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. मे १९३० मध्ये या गावात मार्शल लॉ लागला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा, चौघांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिलं. मुंबईचे गव्हर्नर तेव्हा सर फ्रेडरिक साइक्स होते. गोळीबाराचा, लष्करी अमलाचा जाब विचारायला त्यांना कुणी आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं नाही. करणार कोण? न्यायालय त्यांचंच की हो! चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांसमोरून रोज जाणाऱ्या माणसाला पाल यांचा राग आतून कळतो.

पण याच गावात भैय्या चौकात कोटणीसांचं घर आहे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये काँग्रेसच्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले. पाच डॉक्टरांत नागपूरचे डॉ. चोळकरही होते. बाकीचे परतले, कोटणीस राहिले. उत्तर चीनमधल्या मुक्त प्रदेशात जखमींवर शस्त्रक्रिया करत राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ ला, वयाच्या ३२ व्या वर्षी, तिथेच गेले. शेवटची दोन वर्षं त्यांनी जिथे काढली, त्याच मुलखात जपानी सैन्याच्या मोहिमा चालू होत्या. चिनी लोकांनी त्या धोरणाला नाव दिलं: सगळं जाळा, सगळ्यांना मारा, सगळं लुटा. १९४१ च्या उन्हाळ्यापासून तिथल्या जपानी फौजेचा सेनापती होता ओकामुरा यासुजी. टोकियोच्या यादीत त्याचं नाव नव्हतं. पुढे चीनच्या राष्ट्रवादी सरकारच्या लष्करी न्यायालयाने जानेवारी १९४९ मध्ये त्याला निर्दोष सोडलं, कारण कम्युनिस्टांविरुद्धच्या लढाईत चँग कै शेकला त्याचा सल्ला हवा होता.

आता निकालपत्राकडे या. पाल अत्याचार नाकारत नाहीत. नानकिंगचा पुरावा प्रचंड आहे, अतिशयोक्ती वजा केली तरी उरतो, असं ते स्वतः मान्य करतात. हे लक्षात ठेवा, कारण त्यांचं नाव घेणारे हाच भाग गाळतात. अडचण पुढच्या पायरीवर येते. नानकिंगच्या वेळी हिरोता परराष्ट्रमंत्री होते, बातम्या त्यांच्या टेबलावर येत होत्या. पाल म्हणतात, रणांगणावरच्या फौजेला आवरणं हे मंत्र्याचं काम नव्हे, त्याने लष्कराच्या यंत्रणेवर भरवसा ठेवला तर तो गुन्हेगार कसा?

इथे आमचा पाल यांच्याशी वाद आहे. हिरोताच्या फाशीबद्दल शंका घ्यायला जागा आहे, डच न्यायाधीश रोलिंग यांनीही घेतली होती. पण पाल यांचं तत्त्व एकट्या हिरोतापुरतं राहत नाही. खालच्यांनी केलं, आमच्यापर्यंत आलंच नाही, आलं तरी आमचं खातं नव्हे. सत्ताधीश याच भिंतीआड लपतो. साइक्ससाहेबही हेच म्हणाले असते. म्हणजे ज्या तर्काने पाल तोजोला सोडवतात, त्याच तर्काने आमच्या चौघांना फासावर चढवणारेही सुटतात. विजेत्यांची निवड पक्षपाती होती, कबूल. सम्राट हिरोहितोवर आरोपपत्रच नव्हतं. तो १९८९ पर्यंत गादीवर होता. त्यावर उपाय म्हणजे पिंजरा मोठा करणं. पाल यांनी पिंजराच रिकामा केला.

यासुकुनी मंदिराच्या आवारात २००५ पासून पालबाबूंचं स्मारक आहे. फाशी गेलेल्या त्या सात जणांचे आत्मेही तिथेच पूजले जातात. पाल यांना हे रुचलं असतं का, आम्हाला शंका आहे. पण निकालपत्र लिहिणाऱ्याच्या हातात ते उरत नाही.

आपल्या सरकारांनीही तोच धडा गिरवला. १९७१ नंतर १९५ पाकिस्तानी युद्धकैद्यांवर बांगलादेशात खटले चालायचे होते. एप्रिल १९७४ च्या दिल्ली करारानंतर ते मायदेशी गेले. याह्या खानवर असा खटला कधीच उभा राहिला नाही. १९९८ च्या रोम करारावर भारताची सही आजही नाही.

एका श्रोत्याने मघाशी चिठ्ठी पाठवली: ‘निकाल अंमलात येणारच नसेल तर खटला कशाला?’ आपल्याला ठाऊक असलेलं उदाहरण घेऊ. नारायणरावांचा खून १७७३ चा. युद्धगुन्हा नव्हे, घरातला खून. रामशास्त्र्यांनी गादीवरच्या राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगितलं आणि पुणं सोडलं, असं परंपरेने सांगतात. राघोबाला कुणी देहदंड दिला नाही. पण वर्ष सरायच्या आत बारभाईंनी त्यांना गादीवरून दूर केलं, आणि त्यांना ‘खुनी’ म्हणायला पुण्यात कुणाची जीभ अडखळली नाही. लायबेरियाच्या चार्ल्स टेलरला तर २०१२ मध्ये ५० वर्षांची शिक्षा झाली, आणि तो ती भोगतोय.

दुसरी चिठ्ठी कोटणीसांच्या पत्नी क्वो छिंगलान यांच्याबद्दल आहे. त्यावर चहानंतर बोलू.