भयाची हौस आणि पहाटेचा काला

काही माणसांना ताण आणि थरार हवाहवासा का वाटतो? अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मार्व्हिन झुकरमन यांनी १९६४ साली ही ओढ मोजणारी प्रश्नावली मांडली. साहसाची हौस, नव्या अनुभवांची भूक, बंधने झुगारण्याची वृत्ती आणि कंटाळा न सोसणे, असे तिचे चार पदर त्यांनी पुढे सांगितले. हे सारे व्यक्तीच्या स्वभावाविषयी आहे. सिंधुदुर्गातला दशावतार पाहताना मला ते अपुरे वाटते.

जगणे सपक म्हणून थरार हवा, असे मानले तर मालवण-वेंगुर्ल्याचा मच्छीमार कुठे बसवायचा? वारा फिरला की त्याची होडी आणि जीव दोन्ही पणाला लागतात. तरीही जत्रा सुरू झाल्या की तो रात्रभर देवदानवांचे युद्ध पाहत बसतो.

माझ्या मते हा ताण वेगळ्या जातीचा आहे. त्याला काठ आहे. आडदशावतारात संकासुर वेद पळवतो, पण बोलतो मालवणीत आणि हसवतो. विष्णू त्याला मारणार, हे पोरांनाही ठाऊक असते. पुढचे आख्यान पुराणातले, म्हणजे शेवट बहुधा ओळखीचा. संवाद मात्र लिहिलेले नसतात; नट ते उभ्या उभ्या रचतो. त्यामुळे 'काय होणार' यापेक्षा 'आज कसे होणार' याची उत्कंठा असते. पहाटे दहीकाल्याची हंडी फुटते आणि चढलेला ताण साऱ्या गावादेखत उतरतो. भरताने भयानकाला रसांत जागा दिली, ती अशाच भयाला. समुद्रावरचे भय सोसावे लागते, इथले चाखता येते.

'रात्रीस खेळ चाले' ही मालिका २०१६ साली झी मराठीवर आली. तिचे चित्रीकरण याच जिल्ह्यातल्या आकेरीत झाले. तिचे श्रेय नाकारायचे कारण नाही. 'वस्त्रहरण'ने १९८० पासून मालवणीला हशा मिळवून दिला. तीच बोली भयही पेलू शकते, हे या मालिकेने घरोघरी दाखवले. पण तिच्या रचनेत पहाट नाही. भाग संपतो तो उत्कंठा ताणून, आणि उरलेला ताण प्रेक्षक एकटाच घेऊन झोपायला जातो. उद्या पुन्हा बसायचे कारण तोच ताण असतो. दशावतार ओढ भागवतो, मालिका ती शिल्लक ठेवते.

स्वभावाचा भाग उरतोच. मंडपात सगळे सारखे जागत नाहीत. कुणी आख्यानात पेंगतो आणि युद्धाची झांज वाजली की सावरून बसतो. पण त्यालाही हंडी फुटेपर्यंत गावाची सोबत असते.

आता मोबाइलवर दशावतारातल्या युद्धांचेच तुकडे फिरतात. त्यांत संकासुराची थट्टा नाही, काला नाही. या तुकड्यांवर वाढलेला प्रेक्षक जत्रेत पहाटेपर्यंत थांबेल का, याची मला काळजी वाटते. कारण तो उठून गेला, तर उभ्या उभ्या संवाद रचणाऱ्या नटाने कुणासाठी बोलायचे?