घर्षण नगण्य मानू

स्पर्धा परीक्षेच्या सराव-पुस्तकाला आपल्याकडे कोणी पुस्तक म्हणत नाही. त्याला 'गाइड' म्हणतात, परीक्षा झाली की रद्दीत घालतात, आणि समीक्षेच्या नजरेला ते कधी पडत नाही. तरीही आयटीआय झालेला एखादा फिटर किंवा वायरमन विज्ञानाचे जे शेवटचे मराठी पान वाचतो, ते बहुधा याच पुस्तकातले असते. प्रस्तुत लेखात रेल्वेच्या सहायक लोको पायलट भरतीसाठी लिहिल्या जाणाऱ्या सराव-पुस्तकांकडे एक गद्यप्रकार म्हणून पाहायचे आहे. त्यांत चुका किती, हा प्रश्न येथे दुय्यम आहे. वाचकाला ती यंत्राकडे कसे पाहायला शिकवतात, हा खरा प्रश्न.

या गद्याचा साचा परीक्षेने ठरवला आहे. २०१८ च्या भरतीत पहिल्या टप्प्यात ६० मिनिटांत ७५ प्रश्न होते, म्हणजे प्रश्नाला ४८ सेकंद. दुसऱ्या टप्प्याच्या 'अ' भागात ९० मिनिटांत १०० प्रश्न, म्हणजे ५४ सेकंद. त्यात गणित आणि बुद्धिमापनाबरोबर मूलभूत विज्ञान व अभियांत्रिकी हा विभाग येतो: एकके, वस्तुमान आणि घनता, कार्य-शक्ती-ऊर्जा, उष्णता, वीज, तरफा व साधी यंत्रे, आरेखन. चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण वजा. चार पर्यायांतून डोळे मिटून निवड केली, तर सरासरी हिशेब बरोबर शून्यावर येतो. मात्र एक पर्याय खात्रीने बाद करता आला, की अंदाज फायद्यात जातो. त्यामुळे उत्तर काढण्यापेक्षा पर्याय खोडण्याला किंमत येते, आणि सराव-पुस्तकाची भाषा या हिशेबातून घडते. तिच्यात 'कारण' हा शब्द क्वचित येतो आणि 'ट्रिक' पानोपानी.

नेहमीचे उदाहरण घेऊ. १२० मीटर लांबीची गाडी ताशी ५४ किलोमीटर वेगाने खांब किती वेळात ओलांडेल? ५४ ला ५/१८ ने गुणा, १५ येतात; १२० भागिले १५, उत्तर ८ सेकंद. हे ५/१८ म्हणजे १००० मीटर भागिले ३६०० सेकंद, एवढी एक ओळ छापली तर विद्यार्थ्याला तो अपूर्णांक पाठ करावा लागणार नाही. विसरला तर त्याला तो जागेवर पुन्हा मांडता येईल. पण ती ओळ सहसा गाळलेली असते. आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. पुस्तकातली ही गाडी कधी सुटत नाही, कधी थांबत नाही, चढावर दमत नाही. ज्या नोकरीत वेळेवर थांबणे हेच मुख्य काम, तिच्या तयारीच्या पुस्तकात ब्रेक लावणारी गाडी शोधावी लागते.

यंत्रांच्या प्रकरणात हे अधिक खटकते. यांत्रिक आकलनाच्या प्रश्नांची परंपरा जुनी आहे. अमेरिकेत जॉर्ज बेनेट यांची या विषयावरची प्रसिद्ध चाचणी १९४० सालची. साधे चित्र आणि त्याखाली एक प्रश्न, असे तिचे रूप. सूत्र येत नसले तरी वस्तूंशी झटलेल्या माणसाला उत्तर सुचावे, ही अशा प्रश्नांमागची कल्पना. आपल्याकडे अडकित्ता, चिमटा आणि कात्री या तीन तरफा घरातच असतात. टेकू कुठे, भार कुठे, हे सुपारी कातरणाऱ्या हाताला आधीच ठाऊक असते. सराव-पुस्तक मात्र त्या हाताला काही विचारत नाही. ते तीन प्रकारांचा तक्ता देते आणि पाठ करायला सांगते. अभियोग्यता म्हणजे उपजत कल, असे परीक्षा धरून चालते. तो कल तीस दिवसांत देण्याची हमी पुस्तक देते. या ओढाताणीत वाचकाचे स्वतःचे ज्ञान मात्र हिशेबात धरले जात नाही.

मग येते ते ठरलेले वाक्य: घर्षण नगण्य मानू. गृहीतक म्हणून त्यात काही गैर नाही. गॅलिलिओपासून यामिकी अशीच उभी राहिली. गैर आहे ते मानलेले परत न करणे. ट्रक उचलून धरणारा स्क्रू जॅक हात सोडल्यावर खाली येत नाही, तो घर्षणामुळे. त्याची कार्यक्षमता निम्म्याहून कमी असते म्हणूनच तो भाराखाली आपोआप उलटा फिरत नाही. रेल्वे तर सगळी घर्षणावरच उभी आहे. घर्षण खरोखर नगण्य झाले, तर इंजिनाची चाके जागच्या जागी फिरत राहतील आणि गाडी तसूभर हलणार नाही. रूळ ओले असले की चाकांपुढे वाळू सोडण्याची सोय इंजिनातच केलेली असते, ती याचसाठी.

उतरणीचे गणितही असेच पोरके राहते. कर्जत-लोणावळ्याच्या दरम्यान बोरघाटात चढ ३७ ला १ असा आहे. ३७० टनांची गाडी तिथे वर न्यायची, तर इतर विरोध सोडूनही सुमारे १० टन वजनाइतके बल केवळ चढासाठी लागते. कर्जतला मागून जादा इंजिने जोडण्याची रीत त्यातूनच पडली. ही दोन वाक्ये उतरणीच्या प्रकरणात घातली तर पान वाढत नाही, आणि सूत्राला पत्ता मिळतो.

भाषेचा मुद्दा वेगळा काढता येत नाही. मराठी म्हणून छापलेल्या या पुस्तकांत तरफेच्या जागी 'उत्तोलक', कप्पीच्या जागी 'घिरनी', वस्तुमानाच्या जागी 'द्रव्यमान' भेटते. ही हिंदी मजकुराची घाईची भाषांतरे. शाळेत एक शब्द, वर्कशॉपमध्ये दुसरा आणि गाइडमध्ये तिसरा, असा वाचकाचा गोंधळ होतो. त्यात २०१८ च्या भरतीत पहिले दोन टप्पे मराठीत देता येत होते, पण शेवटची संगणकीय अभियोग्यता चाचणी फक्त इंग्रजी आणि हिंदीत होती. अंतिम गुणवत्ता यादीत तिचे वजन ३० टक्के. लक्ष, स्मरण, अंतराचा अंदाज हे गुण कोणत्याही भाषेचे नसतात. सूचना मात्र कोणत्या तरी भाषेत वाचाव्या लागतात.

यावर एक रास्त आक्षेप घेतला जाईल. दिवसा कामावर जाऊन रात्री अभ्यास करणाऱ्या मुलाला ४८ सेकंदांची लढाई जिंकायची असते, त्याला तत्त्वचर्चा कशाला? आक्षेप मान्य आहे, आणि ट्रिक वापरणाऱ्याला नावे ठेवण्याचा अधिकार मासिके वाचणाऱ्या आपल्याला नाही. पण पाठ केलेली ट्रिक प्रश्नाने जरा वेष बदलला की दगा देते. समजलेली गोष्ट नव्या प्रश्नातही चालते. म्हणून मागणी माफक आहे. प्रत्येक सोडवलेल्या उदाहरणाखाली एक ओळ असावी: येथे काय सोडून दिले, आणि प्रत्यक्षात ते काय करते. उद्या ज्याच्या हाती शेकडो माणसांची गाडी जायची, त्याला घर्षण नगण्य नसते हे आपल्या भाषेत एकदा तरी छापून मिळायला हवे.