‘सैराट’चा वाद्यवृंद आणि शेवटची शांतता

गेल्या पावसाळ्यात अलोऱ्यात, घरी एकटा असताना, मी नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ (२०१६) पडद्याकडे पाठ करून पुन्हा ऐकला. शोकांतिका म्हणून लक्षात राहिलेला हा चित्रपट मध्यंतरापर्यंत बराचसा प्रेमाची विनोदी गोष्ट आहे: चिठ्ठ्या, मित्रांची लुडबुड, बुलेटवरून फिरणारी अर्ची आणि तिच्यापुढे गडबडून जाणारा परश्या. अशा गोष्टीला आपल्याकडे बहुधा गुदगुल्या करणारे पार्श्वसंगीत देतात. नायक अडखळला की वाद्यही अडखळते आणि प्रेक्षक त्याला हसतो. अजय-अतुल यांनी ती वाट सोडली.

ग्रामीण चित्रपट म्हणजे ढोलकी, हे समीकरण त्यांना परके नव्हते. ‘नटरंग’मध्ये (२०१०) त्यांनीच ते थाटात मांडले होते. ‘सैराट’मध्येही नाचाच्या गाण्याचा ठेका रांगडाच आहे. पण प्रेमाची चाहूल लागते तिथे मोठा पाश्चात्त्य वाद्यवृंद येतो. त्याचे ध्वनिमुद्रण हॉलिवूडच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर झाले, याचा तेव्हा बराच गवगवा झाला. त्या गडबडीत हे संगीत चित्रपटात नेमके काय करते, हा प्रश्न मात्र मागे पडला.

अर्चीला पाहायला परश्या हातचे काम टाकून धावत सुटतो. बाहेरून पाहिले तर हे पोरकट वेड. व्हायोलिनांचा ताफा मात्र ते वेड परश्याच्या बाजूने ऐकतो. करमाळ्याकडच्या मच्छीमाराच्या पोराला जेवढे मोठे वाटते आहे, तेवढेच मोठे संगीत त्याला मिळते. त्याची जात पाहून ते हात आखडता घेत नाही. गाव जी जागा त्याला नाकारणार आहे, ती वाद्यवृंदाने आधीच दिलेली असते. त्यामुळे विनोद राहतो, पण हेटाळणी उरत नाही.

दोषही आहेत. संथगतीच्या काही दृश्यांत डोळ्यांना दिसते तेच तंतुवाद्ये पुन्हा सांगतात. तिथे थोडा संयम हवा होता.

पण चारही गाणी पूर्वार्धातच येऊन जातात. पुढे हैदराबादच्या वस्तीत संसार सुरू होतो, तेव्हा तो थाट राहत नाही. शेवटी लहानगा रक्ताची पावले उमटवत चालतो, तेव्हा आवाजच थांबतो. पूर्वार्ध अजून कानांत असतो, म्हणून ती शांतता इतकी जिव्हारी लागते. या वाद्यवृंदाला नुसती श्रीमंती सजावट म्हणणे म्हणूनच मला पटत नाही. त्या दिवशी शेवटाला मला पडद्याकडे वळावेच लागले. ऐकायला काही उरलेच नव्हते.