सह्याद्री उचलला, की उघडा पडला?

‘सह्याद्री अमुक कोटी वर्षांपूर्वी उचलला गेला’ हे विधान आपण इतक्यांदा वाचलेले असते, की त्यामागे कोणते मोजमाप आहे हे विचारायचे राहूनच जाते. मला ते विचारावेसे वाटले, याचे एक कारण मी राहतो ती जागा. हिंजवडीत इमारतीच्या पायासाठी कुठेही खणले, की मुरुमाखाली काळा कातळ लागतो. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा हा लाव्हा. इथून मुळशीमार्गे ताम्हिणीकडे निघालो, तर पठारावरून जाता जाता एका जागी जमीनच संपते आणि खाली कोकण दिसते. पूर्वेकडून येणाऱ्याला सह्याद्री हा डोंगर कमी आणि कडा जास्त वाटतो. मग तो ‘उचलला गेला’ म्हणजे नेमके काय झाले?

पर्वतांच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर हल्ली खनिजांच्या कालमापनातून शोधले जाते. या पद्धतीबद्दल मला आदर आहे. तक्रार आहे ती तिच्या तोंडी घातल्या जाणाऱ्या विधानांबद्दल.

आधी पद्धत समजून घेऊ. ग्रॅनाइटसारख्या खडकात अॅपेटाइट नावाचे खनिज असते. त्यात किंचित युरेनियम असते. त्याचा एखादा अणू आपोआप दुभंगला, की स्फटिकात सुमारे १६ मायक्रोमीटर लांबीचा ओरखडा उमटतो. खडक साधारण ११० अंश सेल्सिअसपेक्षा जास्त तापलेला असेल, तर हे ओरखडे भरून निघतात. ६० अंशांच्या खाली ते टिकतात. मधल्या पट्ट्यात ते आखूड होत जातात. ओरखडे मोजले की खडक थंड होऊन किती काळ लोटला ते कळते, आणि त्यांच्या लांबीवरून तो झपाट्याने थंड झाला की रेंगाळत, याचा अंदाज येतो. अॅपेटाइटमधला हेलियम सुमारे ७० अंशांखाली अडकू लागतो, तर कृष्णाभ्रकातला अरगॉन ३०० अंशांच्या आसपास. प्रत्येक घड्याळ वेगळ्या तापमानाला चालू होते. मार्टिन डॉडसन यांनी १९७३ मध्ये या कल्पनेला गणिती रूप दिले.

हिमालयात या पद्धतीने मोठे यश मिळवले. नंगा पर्वताच्या परिसरातील अॅपेटाइटचे वय काही ठिकाणी दहा लाख वर्षांहूनही कमी भरते. म्हणजे इतक्या अलीकडे जो खडक ११० अंशांवर, जमिनीच्या पोटात होता, तो आज उघड्यावर आहे. असे आकडे पाहिले, की इतर पर्वतांबाबतही हेच घड्याळ बोलेल अशी अपेक्षा निर्माण होते. इथूनच गडबड सुरू होते.

पहिला आक्षेप मूलभूत आहे. फिलिप इंग्लंड आणि पीटर मोल्नार यांनी १९९० मध्येच बजावले होते, की तीन गोष्टी एकमेकींत मिसळू नका : खडक वर येणे, भूपृष्ठ उंच होणे आणि वरचे आवरण झिजून खडक उघडा पडणे. खनिजाला फक्त तिसरी गोष्ट कळते. नदीने वरचा थर कापून नेला तर डोंगर तसूभरही उंच न होता खालचा खडक थंड होईल. उलट अख्खे पठार उचलले गेले आणि झीज झालीच नाही, तर अॅपेटाइटला त्याचा पत्ताही लागणार नाही.

दुसरा आक्षेप हिशोबाचा. घड्याळ तापमान सांगते. खोली आपण काढतो. पृष्ठभागावर २५ अंश धरले, तर ११० अंश गाठायला ८५ अंशांची वाढ हवी. दर किलोमीटरला ३० अंश वाढ मानली, तर खोली २.८ किलोमीटर येते. २० अंश मानली, तर सव्वाचार. एकाच मोजमापातून झिजेचे दोन आकडे निघतात आणि त्यांत जवळपास दीड किलोमीटरचा फरक! आजचा तापमान-उतार मोजता येतो, पण काही कोटी वर्षांपूर्वीचा गृहीत धरावा लागतो. शोधनिबंधात हे गृहीतक नोंदवलेले असते. लोकप्रिय लेखनात ते गळून पडते.

तिसरा आक्षेप आपल्या दाराशी येतो. हिंजवडीचा कातळ पृष्ठभागावर ओतला गेला आणि तिथेच निवला. त्याची बहुतेक घड्याळे एकदमच सुरू झाली. २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात दोन गटांनी दख्खनच्या लाव्ह्याच्या तारखा मांडल्या. एकाने थरांमधल्या झिरकॉनवरून, दुसऱ्याने लाव्ह्यातल्या प्लॅजिओक्लेजवरून. कालमापनाची ही कमाल आहे. पण हा लाव्ह्याचा जन्मदाखला झाला. घाटाचा कडा केव्हा घडला, याची नोंद त्यात नाही.

म्हणूनच यानी गनेल, केरी गॅलाघर आणि सहकाऱ्यांना २००३ च्या आपल्या निबंधासाठी पश्चिम द्वीपकल्पातील अॅपेटाइटयुक्त प्राचीन खडकांकडे वळावे लागले. त्या निबंधाचा मला सर्वांत भावलेला गुण त्याच्या शीर्षकातच आहे : ओरखड्यांच्या माहितीचा भूरूपांशी मेळ घालणे. त्यांनी घड्याळाला एकट्याने साक्ष द्यायला लावली नाही. मात्र दक्षिणेकडच्या खडकांवरून निघालेले अनुमान ताम्हिणी किंवा बोरघाटाला लावताना ते अनुमानच आहे, हे विसरता कामा नये.

मग काळ्या कातळाच्या प्रदेशात साक्ष कोणाची घ्यायची? माइक विडोसन आणि कीथ कॉक्स यांनी १९९६ मध्ये जांभ्याची घेतली. महाबळेश्वर-पाचगणीच्या माथ्यावरचा जांभा आणि कोकणातल्या सड्यांवरचा जांभा हे जुन्या भूपृष्ठांचे अवशेष आहेत. त्यांच्या मांडणीत झिजेमुळे होणाऱ्या उचलीला महत्त्वाचे स्थान आहे. माल उतरवला की होडी पाण्यात वर येते, तसेच हे. एक किलोमीटर कातळ झिजला, तर घनतेच्या हिशोबाने जमीन सुमारे ८८० मीटर वर येते. सरासरी उंची १२० मीटरने घटते, पण जो माथा झिजला नाही तो उंचावतो. म्हणजे शीर्षकातल्या प्रश्नाची दोन्ही उत्तरे एकत्र नांदू शकतात : सह्याद्री उघडा पडत गेला, आणि म्हणून त्याचे माथे उचलले गेले.

केव्हा, याचे एक उत्तर २०१६ मध्ये अनिसे बोव्हे आणि सहकाऱ्यांनी दिले. त्यांनी जांभ्याच्या थरांत पृष्ठभागाजवळ तयार होणारे क्रिप्टोमेलेन हे मॅंगनीजचे खनिज तपासले. गोव्याच्या सखल भागात त्याचे वय सुमारे ४.७ कोटी वर्षांपर्यंत मागे जाते. ती जमीन तेव्हाच सखल असेल, तर कडाही तेव्हा उभा असणार. मला हा युक्तिवाद जास्त पटतो, कारण इथे खनिज भूपृष्ठाशी थेट बांधलेले आहे. मर्यादा इथेही आहे : मॅंगनीज गोव्यात आहे, मुळशीत नाही.

उत्तरेकडची साक्ष कदाचित कोयनेत मिळेल. १९६७ च्या भूकंपाच्या अभ्यासातून पुढे तिथे तीन किलोमीटर खोल विंधनविवर घेतले गेले. सव्वा किलोमीटरच्या सुमाराला लाव्हा संपून ग्रॅनाइट-नाइस लागले. तळाकडचा खडक आजही ओरखडे आखूड होण्याच्या तापमानपट्ट्यात असणार. लाव्ह्याखाली गाडले जाण्याची आणि वरचा भार हलका होण्याची नोंद शोधायला याहून चांगली जागा मला सुचत नाही.

हा वाद केवळ अभ्यासकांचा नाही. ३० जुलै २०१४ ला माळीण, १९ जुलै २०२३ ला इर्शाळवाडी. दरड कोसळली, की ‘सह्याद्री अजून वर येतोय’ असे कोणीतरी म्हणतेच, आणि वर ‘शास्त्रीय पुरावा’ असल्याचेही सांगते. लाखो वर्षांची सरासरी देणारे घड्याळ एका पावसाळ्याबद्दल काही सांगू शकत नाही. उतार किती तीव्र होता, त्यावरची माती किती जाड होती, पाणी कुठे मुरले, उतारावर कोणी काय कापले, हे प्रश्न माणसांच्या वेळेतले आहेत. त्यांची उत्तरेही माणसांनाच द्यावी लागतात. कोट्यवधी वर्षांचा आकडा पुढे केला, की ती जबाबदारी कोणाचीच उरत नाही.

तेव्हा यापुढे डोंगराचे वय कोणी सांगितले, तर चार गोष्टी विचाराव्यात. खनिज कोणते? ते कोणत्या तापमानाला बंद झाले? तापमान-उतार किती धरला? आणि नमुना याच डोंगरातला आहे, की दुसऱ्या? उत्तर मिळाले, तर तो आकडा जरूर वहीत उतरवून घ्यावा.