विठ्ठल सापडला, पंढरपूर राहिले

पंढरपुरात महाद्वाराशी नामदेव पायरी आहे आणि तिच्यासमोरच चोखोबांची समाधी. वारकरी दोन्हीकडे माथा टेकवतो आणि आत जातो. त्याच्या दर्शनाचा हा एकच क्रम असतो. धर्म आणि समाज यांचा विद्यापीठीय अभ्यास मात्र या काही पावलांच्या अंतरावर तीन विभाग उघडून बसला आहे. नामदेवांची 61 पदे गुरू ग्रंथसाहिबात आहेत, म्हणून ते शीख अध्ययनात जातात. चोखोबा दलित चळवळीच्या आणि नवबौद्ध विचाराच्या अभ्यासात येतात. गाभाऱ्यातला देव दैवतशास्त्राकडे उरतो. प्रत्येक विभागात फार मोलाचे काम झाले आहे. ते एकत्र वाचू लागलो की मात्र एक उणीव ठळक होते. देवाचा शोध घेता घेता आपले देवाच्या गावाकडे पाहायचे राहून गेले.

सुरुवातीच्या पिढीचा मुख्य प्रश्न विठ्ठलाच्या मुळाचा होता. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी 1913 साली वैष्णव आणि शैव पंथांच्या इतिहासात विठोबाला स्थान दिले. ग. ह. खरे यांचे ‘श्रीविठ्ठल आणि पंढरपूर’ 1938 मध्ये आले. मूर्ती, शिलालेख, स्थळ यांची पारख इतिहास संशोधकाच्या शिस्तीने कशी करायची, ते या लहानशा पुस्तकाने दाखवले. खऱ्यांचे काही निष्कर्ष पुढच्यांनी नाकारले. दगडावर कोरलेले आधी वाचायचे आणि मग पुराणाकडे वळायचे, हा त्यांचा क्रम मात्र टिकला. 1960 साली फ्रेंच जेझुइट ग. आ. दलरी यांचा ‘द कल्ट ऑफ विठोबा’ पुण्याच्या डेक्कन कॉलेजने प्रसिद्ध केला. त्यात ग्रंथांबरोबर पालखीतली पायी चाल आली, दिंडीची रचना आली. शार्लट वोदव्हील यांनी पंढरपूरच्या संतांमागची शैव पार्श्वभूमी पुढे आणली.

यानंतर 1984 मध्ये आलेल्या रा. चिं. ढेरे यांच्या ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ या ग्रंथाला वळसा घालून कोणालाही पुढे जाता येत नाही. ढेऱ्यांनी विठ्ठलाचा माग पुराणांच्या आणि स्तोत्रांच्या पलीकडे, गवळी-धनगरांच्या जगात नेला. गायींसाठी मेलेल्या वीरांच्या वीरगळी, विठ्ठल-बिरोबा ही जोडी, दिंडीरवनातली लखुबाई, वाळवंटातल्या पुंडलिकाचे शैव रूप असे धागे जोडत त्यांनी एका लोकदेवाचे वैष्णवीकरण कसे झाले याची मांडणी केली. मूळ मूर्ती माढ्याची, हे त्यांचे प्रतिपादन अनेकांना रुचले नाही आणि त्यावर मोठा वाद झाला. तो वाद बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते. मेंढपाळाच्या ओवीला आणि स्थानिक दंतकथेला संस्कृत माहात्म्याइतकेच पुराव्याचे वजन ढेऱ्यांनी दिले. त्याच सुमारास जर्मनीतून आलेले गुंथर सोन्थायमर धनगरांच्या वाड्यावस्त्यांवर बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबाच्या कथा ऐकत फिरत होते. दोघांची कामे परस्परांना बळ देणारी आहेत. कोल्हापूर जिल्ह्यातल्या पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत भंडारा उधळताना पाहिला, की ढेऱ्यांचे म्हणणे केवळ ग्रंथातले उरत नाही.

ढेऱ्यांच्या ग्रंथाला 1987 चे साहित्य अकादमी पारितोषिक मिळाले. अ‍ॅन फेल्डहाउस यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद निघायला 2011 उजाडले. एवढ्या महत्त्वाच्या पुस्तकाला बाहेरच्या जगात पोचायला सत्तावीस वर्षे लागली. उलट दिशेने, म्हणजे बाहेरचा अभ्यास मराठीत येण्याची, वाट तर याहून अरुंद आहे.

माझा आक्षेप येथे आहे. ढेऱ्यांनी जे दार उघडले त्यातून पुढच्यांनी बहुधा मागेच पाहिले. विठ्ठल मुळात कोण होता, गोपदेव की शिव, जैनांचा की बुद्ध, यावर लेख येत राहिले. तेराव्या शतकापासून आजपर्यंत हा देव कोणी सांभाळला, कोणाच्या पैशाने, कोणाच्या श्रमाने, कोणाला बाहेर ठेवून, हे प्रश्न मागे पडले.

पुरावा नव्हता म्हणून असे झाले नाही. देवळातला चौऱ्याऐंशीचा शिलालेख घ्या. पाठ घासली की चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेरा चुकतो, या श्रद्धेने पिढ्यान्‌पिढ्या भाविकांनी हा दगड गुळगुळीत केला. शके 1195 ते 1199, म्हणजे इ. स. 1273 ते 1277, या काळात देवाला कोणी काय दिले याची ती नोंद आहे. त्यात यादव राजा रामचंद्र ‘पंढरीफडमुख्य’ म्हणून येतो, त्याचा मंत्री हेमाद्री येतो, आणि त्यांच्याबरोबर ठिकठिकाणचे लहानमोठे दाते येतात. शं. गो. तुळपुळ्यांनी ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ मध्ये त्याचे वाचन अभ्यासकांच्या हाती दिले. आपण त्यातून भाषेचा इतिहास काढला, राजाची तारीख काढली. पण हा लेख मुळात एका गावाच्या अर्थव्यवहाराचा कागद आहे. कोणत्या गावची माणसे किती गद्याण (तेव्हाचे नाणे) देत होती, त्यांत कानडी मुलखातले किती, एवढ्या एका दिशेनेही तो पुन्हा वाचला तर यादवकालीन पंढरीचा नकाशा उभा राहील. त्याआधीचा, 1237 चा, होयसळ सोमेश्वराचा लेख आठवला की कानडी मुलूख या गावाच्या इतिहासात किती आतवर आहे तेही कळते. हंपीचे विठ्ठल मंदिर, भानुदासांनी तिथून मूर्ती परत आणल्याची परंपरा, पुरंदरदासांच्या पदांतली विठ्ठलाची मुद्रा हे सगळे आपण भाषणांत अभिमानाने सांगतो. कन्नड आणि मराठी अभ्यासक एकमेकांची पुस्तके मात्र क्वचितच उघडतात.

बुद्ध आणि विठ्ठल यांच्या नात्याचा प्रश्न तर आपण अजून नीट विचारलाच नाही. 25 डिसेंबर 1954 रोजी देहूरोड येथे बुद्धमूर्तीच्या प्रतिष्ठापनेच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पंढरपूरचा विठ्ठल म्हणजे बुद्धच असे प्रतिपादन केले आणि त्यावर लिहिण्याचा मानस सांगितला. 1956 मध्ये ते गेले आणि ते पुस्तक झाले नाही. याच आंबेडकरांनी 1948 चा अस्पृश्यांविषयीचा आपला ग्रंथ नंदनार आणि रविदासांबरोबर चोखामेळ्याच्या स्मृतीला अर्पण केला होता. विठ्ठल म्हणजे बुद्ध या प्रतिपादनाला 1954 पासून दोनच उत्तरे मिळत आली: मूर्तिशास्त्र दाखवून नकार किंवा श्रद्धेने होकार. ढेऱ्यांनी निदान या समजुतीची जुनी मुळे गंभीरपणे तपासली. दशावतारांच्या चित्रांत नवव्या, म्हणजे बुद्धाच्या जागी विठ्ठल दिसतो, याकडे त्यांनी लक्ष वेधले. मूर्ती बुद्धाची होती का, हा प्रश्न पुरातत्त्वाचा आहे, तो पुरातत्त्वज्ञांकडे राहू द्या. ज्या समाजाला देवळाच्या पायरीपाशी थांबवले त्याला हा देव आपला वाटत राहिला, आणि धर्म सोडतानाही त्याच्याशी असलेले नाते निकाली काढावेसे वाटले, हे कसे घडले? यासाठी मूर्तीचे मोजमाप उपयोगाचे नाही, माणसांकडे जावे लागेल.

त्या दिशेने पहिले भक्कम पाऊल एलिनॉर झेलियट यांनी टाकले. चोखामेळ्याचे अभंग आणि विसाव्या शतकातल्या महार समाजाची चळवळ त्यांनी एका रेषेत वाचली. संताचा आदर राखूनही त्याची नम्रता नाकारणारी नवी पिढी त्यांनी समजून घेतली. अलीकडे जॉन क्यून यांनी 2021 च्या ग्रंथात एकनाथांच्या सहभोजनाच्या कथा घेतल्या आणि संतचरित्रकार महिपतींपासून व्ही. शांताराम यांच्या 1935 च्या ‘धर्मात्मा’ पर्यंत त्या कशा बदलत गेल्या ते दाखवले. भक्तीने जात मोडली की नाही, या आपल्याकडच्या कंटाळवाण्या झालेल्या वादाला त्यामुळे नेमके वळण मिळते. देवापुढची समता ताटापर्यंत का पोचत नाही, असा तो प्रश्न आहे. इरावती कर्व्यांनी ‘वाटचाल’ या लेखात हेच पाहिले होते: वाट एक, भजन एक, पंगती वेगळ्या. त्या लेखातले महाराष्ट्राच्या व्याख्येचे वाक्य व्यासपीठांवर सतत ऐकू येते. वेगळ्या पंगतींनी त्यांना झालेले दुःख फारसे कोणी सांगत नाही.

नामदेवांच्या बाबतीत अभ्यास सर्वांत पुढे गेला आहे आणि सर्वांत तुटकही आहे. विनंद कालवार्त आणि मुकुंद लाठ यांनी 1989 मध्ये नामदेवांच्या हिंदी पदांची पाठचिकित्सा केली. ख्रिश्चन नोव्हेट्स्के यांनी 2008 च्या ग्रंथात ‘खरा नामदेव कोणता’ हा प्रश्नच बदलून टाकला. नामदेव ही कीर्तनात जगणारी सार्वजनिक स्मृती आहे, अशी त्यांची मांडणी आहे. कीर्तनकारांच्या बाडांना तिच्यात मध्यवर्ती जागा मिळाली, आणि मला तोच तिचा सर्वांत मोठा लाभ वाटतो. घरोघरच्या फडक्यांत बांधलेल्या या वह्या आपले पाठचिकित्सक अशुद्ध म्हणून बाजूला सारत आले होते. दुसऱ्या टोकाला पंजाबात गुरदासपूर जिल्ह्यातले, नामदेवांच्या वास्तव्याशी जोडलेले घुमान आहे. 2015 मध्ये सदानंद मोरे यांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन तिथे भरले, मने जवळ आली. गुरू ग्रंथसाहिबातल्या त्रिलोचनाचे नावही परंपरा सोलापूरकडच्या बार्शीशी जोडते. तरीही गुरुमुखी लिपी येणारा मराठी अभ्यासक आणि जुनी मराठी येणारा पंजाबी अभ्यासक यांची पिढी आपण घडवली नाही. पुण्याच्या विद्यापीठात संतांच्या नावाची अध्यासने आहेत. त्यांनी हे एकच काम दहा वर्षे नेटाने केले तरी मोठे होईल.

वारकऱ्यांचे स्वतःचे शास्त्र आणि विद्यापीठाचे शास्त्र यांच्यात पूर्वी एक पूल होता. सोनोपंत दांडेकर तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते, स. प. महाविद्यालयाचे प्राचार्य होते आणि कीर्तनालाही उभे राहत. विष्णुबुवा जोगांनी 1917 मध्ये आळंदीत सुरू केलेल्या वारकरी शिक्षण संस्थेतून शेकडो कीर्तनकार घडले. अभंगाचा पाठ, चाल, प्रमाणांची जुळणी, फडाचा दंडक हे त्यांचे ज्ञान शिस्तशीर आहे आणि त्याची परीक्षा रोज लोकांसमोर होते. आज सदानंद मोऱ्यांसारखे अपवाद सोडले तर विद्यापीठ कीर्तनकाराकडे माहिती देणारा म्हणून जाते. त्याच्याशी वाद घालावा, त्याच्या अर्थाला अर्थ म्हणून उत्तर द्यावे, असे फार थोड्यांना वाटते. हे मला अन्यायाचे वाटते, आणि त्यात अभ्यासाचे नुकसानही आहे.

बायकांच्या ज्ञानाची कथा याहून वेगळी नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या जमवल्या. त्यांत विठ्ठल, रुक्मिणी, जनी आणि पंढरीची वाट सतत येते. रुसून वेगळ्या देवळात राहिलेली रुक्मिणी या ओव्यांत ज्या तऱ्हेने बोलते तशी ती कोणत्याही माहात्म्यात बोलत नाही. तारा भवाळकरांनी आयुष्यभर लोकसाहित्यातून स्त्रीच्या विचाराचा शोध घेतला. त्यांचे हे काम दैवतशास्त्राच्या चर्चेत आधार म्हणून क्वचितच येते, लोकसाहित्य म्हणून वेगळ्या खणात ठेवले जाते.

आता गावाकडे येतो. पंढरपूरचा आधुनिक इतिहास विखुरलेला आहे. यात्रेतल्या साथी आणि इंग्रज सरकारची आरोग्याच्या नावाखालची बंधने यांवर मंजिरी कामत यांनी लिहिले, ते या क्षेत्रातले आदर्श काम आहे. साने गुरुजींनी मे 1947 मध्ये दहा दिवस उपोषण केले आणि देऊळ हरिजनांना खुले झाले, हे शाळेतले मूलही सांगते. त्या दहा दिवसांत गावातल्या घराघरांत काय चालले होते याचा इतिहास मात्र लिहिलेला हवा आहे. बडवे, उत्पात, पुजारी, बेणारी, परिचारक, हरिदास, डिंगरे, दिवटे, डांगे ही घराणी शतकानुशतके देवाच्या सेवेत आणि उत्पन्नाच्या भांडणात होती. 1973 च्या कायद्याने आणि शेवटी जानेवारी 2014 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने त्यांचे वंशपरंपरागत हक्क संपले. निकाल न्याय्य होता असेच मी मानतो. पण हक्क गेले म्हणून त्या घरांतले ज्ञान आणि कागद निरुपयोगी झाले, असा अर्थ आपण नकळत लावला. पोशाखाचे, नित्योपचाराचे, पाळीचे, दाव्यांचे दस्तऐवज हा एका देवस्थानाचा आतून लिहिलेला इतिहास आहे. वाळवंटातल्या पुंडलिकाची पूजा करणारी कोळी घराणी, वासकर आणि देहूकर यांसारखे फड, जातवार मठ आणि धर्मशाळा यांच्याकडेही असे कागद आहेत आणि आठवणी आहेत.

2024 मध्ये मंदिराच्या जतनाच्या कामात चुना-रंगाचे थर उतरले, जुने दगडी रूप वर आले, तळघर सापडले आणि त्यातल्या मूर्तींची बातमी घरोघर पोचली. दगडासाठी पुरातत्त्व खाते होते. कागदासाठी कोणी नाही. मंदिराभोवतीच्या जुन्या वस्तीवर आता विकासाच्या आराखड्याची टांगती तलवार आहे, आणि घरे पडतील या धास्तीने रहिवासी विरोधात उभे आहेत. वाडा हलला की आधी भांडीकुंडी हलतात, माळ्यावरची रुमालात बांधलेली दप्तरे रद्दीत जातात. सोलापूरला 2004 पासून स्वतःचे विद्यापीठ आहे. पंढरपूर त्याच्याच कक्षेत येते. मोडी वाचणारी चार मुले, एक छायाचित्रकार आणि घराण्यांचा विश्वास असलेला एखादा गावकरी एवढ्यावर काम सुरू होऊ शकते: घरोघर जायचे, मूळ कागद मालकाकडेच ठेवायचे, छायाचित्र आणि सूची करायची. सुरुवात चौफाळ्यापासून महाद्वारापर्यंतच्या वाड्यांनी करावी, कारण सर्वांत कमी वेळ त्यांच्यापाशी आहे.