सोन्याचा वर्ख आणि सांधलेला हत्ती

भायखळ्याच्या राणीबागेत शिरणारे बहुतेक लोक सरळ पेंग्विन बघायला जातात. मीही दोनदा तसाच गेलो होतो. फाटकाजवळच्या पिवळसर, खांबाखांबांच्या इमारतीत संग्रहालय आहे हे माहीत होतं, पण 'येताना बघू' म्हणायचं आणि येताना पाय दुखत असायचे. तिसऱ्यांदा मात्र बोईसरहून डहाणू लोकलने दादर आणि तिथून भायखळा असा प्रवास मी फक्त त्या इमारतीसाठी केला. कारण घरगुती होतं, ते पुढे सांगतो.

डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाविषयी लिहिणारे सहसा दोन गोष्टी सांगतात. २००३ साली महापालिका, इंटॅक आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठान यांच्यात करार झाला, तस्नीम झकारिया मेहता यांच्या पुढाकाराने आणि वास्तुविशारद विकास दिलावरी यांच्या हातून मोडकळीला आलेली वास्तू उभी राहिली आणि जानेवारी २००८ मध्ये ती पुन्हा खुली झाली, ही पहिली. त्याआधीच, २००५ साली, या कामाला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागाचा सर्वोच्च वारसा-जतन पुरस्कार मिळाला, ही दुसरी. दोन्ही खऱ्या आहेत आणि दोन्हींचा अभिमान वाटावा. पण चित्रपटाचं परीक्षण लिहिताना आपण त्याला किती बक्षिसं मिळाली एवढंच सांगून थांबत नाही. जतन हेही एका अर्थी वाचन असतं. जुन्या वास्तूत अनेक काळ एकमेकांवर चढलेले असतात. त्यांतला कोणता ठेवायचा आणि कोणता खरवडून काढायचा हे कुणीतरी ठरवतं. त्या निवडीविषयी बोलायला हवं.

या इमारतीत कोणकोणते काळ आहेत? १८५१ साली लंडनला मोठं औद्योगिक प्रदर्शन भरलं, १८५५ साली पॅरिसला. त्यांच्यासाठी मुंबई इलाख्यातून कारागिरीच्या वस्तू आणि कच्च्या मालाचे नमुने गोळा होऊ लागले. त्यातून कोटातल्या बराकीत एक संग्रह उभा राहिला. १८५७ चा उठाव झाला, लष्कराला जागा हवी झाली आणि वस्तू अक्षरशः बाहेर फेकल्या गेल्या. म्हणजे या संग्रहाच्या चरित्राची सुरुवातच मोडतोडीने होते. पुढे जगन्नाथ शंकरशेट, डॉ. भाऊ दाजी आणि जॉर्ज बर्डवूड यांनी नव्या संग्रहालयासाठी वर्गणी जमवायला घेतली. १८६२ साली गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते पायाभरणी झाली. तेव्हा अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव होता. १८६५ साली युद्ध संपलं, कापूस कोसळला, शेअर बाजार बुडाला आणि वर्गणीचा झरा आटला. भाऊ दाजींचंही या पडझडीत मोठं नुकसान झालं. अर्धवट काम शेवटी सरकारने पूर्ण केलं आणि २ मे १८७२ रोजी 'व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियम' लोकांसाठी उघडलं. पुढच्या दोन वर्षांतच भाऊ दाजी गेले. इमारतीला त्यांचं नाव मिळायला १९७५ साल उजाडावं लागलं.

आता आत चला. इंग्लंडहून ओतून आणलेले लोखंडी खांब, त्यांच्या माथ्यावरचा सोन्याचा वर्ख, छतावरची बारीक नक्षी, वरच्या सज्जाचे कठडे, काचेची सागवानी कपाटं आणि मध्यभागी मॅथ्यू नोबलने घडवलेला राजपुत्र आल्बर्टचा पुतळा. डेव्हिड ससून यांनी तो दिला, म्हणून त्यावर हिब्रू अक्षरंही आहेत. पहिल्यांदा बघणारा माणूस थांबतो. मीही थांबलो. रंगाचे थर तपासून मूळ रंग शोधणं, गंजलेलं लोखंड वाचवणं, वर्ख पुन्हा चढवणं ही कामं किती चिकाटीची असतात याची मला थोडी कल्पना आहे. माझा धंदा जुन्या सॉफ्टवेअरची दुरुस्ती करण्याचा आहे. दुसऱ्या कुणी वीस वर्षांपूर्वी लिहिलेलं, आज कुणालाच नीट न कळणारं, तरी बंद करता न येणारं काहीतरी चालू ठेवणं हेच माझं रोजचं काम.

त्या धंद्यातली एकच गोष्ट इथे उपयोगी आहे. आम्ही जुन्या आवृत्तीवर परत जाऊ शकतो, पण मधल्या प्रत्येक बदलाची नोंद शिल्लक राहते. कुणी, कधी, काय बदललं हे दिसतं. बदल पुसला तरी पुसल्याची नोंद राहते. दिवाणखान्यासारख्या त्या दालनात उभं राहिलं की वाटतं, ही वास्तू १८७२ च्या सकाळी नेऊन ठेवली आहे आणि मधली सव्वाशे वर्षं नोंदवहीतून गेली आहेत. छताचा एखादा हातभर तुकडा, एखादा खांब जसा सापडला तसा, काजळलेला आणि पापुद्रे सुटलेला ठेवला असता, तर शेजारचं सोनं कमी चमकलं नसतं. उलट ते किती कष्टाने आलं ते समजलं असतं.

आणि १८७२ हे वर्ष तरी इतकं पवित्र का? इमारत त्या सालची, पण तिथली सर्वांत लाडकी गोष्ट त्या सालची नाही. ती म्हणजे मातीची माणसं: नाना जातींचे, नाना धंद्यांचे, नाना पगड्यांचे छोटे पुतळे आणि गावगाड्याचे देखावे. त्यांची भर पडली ती मुख्यतः विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, जे. जे. कला महाविद्यालयाचे प्राचार्य सेसिल बर्न्स इथले क्युरेटर असताना. पहिल्या पिढीतल्या बर्डवूड यांची दृष्टी आठवली की या पुतळ्यांकडे बघताना थोडं अवघडायला होतं. भारतीय हस्तकलेवर त्यांचं मनापासून प्रेम होतं, १८८० साली त्यांनी तिच्यावर मोठा ग्रंथ लिहिला. पण १९१० साली लंडनच्या सभेत याच गृहस्थांनी जावातल्या एका बुद्धमूर्तीला उकडलेल्या पुडिंगची उपमा दिली. भारताला कारागिरी आहे, ललितकला नाही, असा तो सूर होता. मातीची माणसं त्याच सुरातून जन्मली: कुंभार कुंभारासारखा, कोळी कोळ्यासारखा, नाव कुणालाच नाही. वास्तूला सोन्याचा वर्ख चढवताना ही दृष्टीही उजळून निघत नाही ना, हा प्रश्न समीक्षेने विचारायलाच हवा.

संग्रहालय या प्रश्नाला अगदीच पाठमोरं आहे असं नाही. समकालीन चित्रकारांना त्याच कपाटांमध्ये आपलं काम मांडायला बोलावण्याचा त्यांचा उपक्रम मला जतनाइतकाच मोलाचा वाटतो. २०११ साली जितीश कल्लाट यांनी तिथे बांबूच्या परांचीसारखं दिसणारं शिल्प उभं केलं होतं. मी तेव्हा शाळेत होतो, फोटोच पाहिलेत. पण त्या फोटोंत नुकत्याच चकचकीत झालेल्या खांबांशेजारी परांची पुन्हा उभी दिसते आणि काम चालू असलेली वास्तू क्षणभर परत येते. पुसलेली नोंद एका कलावंताने परत लिहिली.

कायमची लिहिलेली नोंद मात्र बाहेर आहे. घारापुरीचा दगडी हत्ती, ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी बेटाला 'एलिफंटा' म्हटलं. १८६४ साली तो इंग्लंडला हलवण्याच्या प्रयत्नात पडून फुटला. तुकडे मुंबईत आले आणि १९१४ साली ते जुळवून हत्ती पुन्हा उभा केला गेला. जवळ गेलं की सांधे दिसतात, तुकडा कुठे संपतो आणि भरण कुठे सुरू होतं तेही दिसतं. तो डौलदार नाही. पण त्याच्यावर काय काय गुदरलं ते विचारावं लागत नाही.

मराठीत यासाठी दोन शब्द आहेत. देवळाचा होतो तो जीर्णोद्धार, त्यात जुनं जाऊन नवं झळकतं. घराची होते ती डागडुजी, त्यात ठिगळ दिसतं आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही. आतल्या दालनात जीर्णोद्धार आहे, हत्तीत डागडुजी. माझं मत हत्तीच्या बाजूने पडतं.

आता घरगुती कारण. तारापूरच्या बाजूला आमचं आजोबांनी बांधलेलं घर आहे: मंगलोरी कौलं, सागवानी खांब, पुढे ओटी, मागे पडवी. बाबांचं म्हणणं, पाडून स्लॅब टाकू. मी म्हटलं, 'जसं होतं तसं' करू. बाबांनी विचारलं, "कधी होतं तसं? शेणाने सारवलेलं, की शहाबादी बसवल्यावरचं, की गॅस आल्यावर चूल काढली तेव्हाचं?" मला उत्तर आलं नाही, म्हणून भायखळ्याला गेलो होतो. आता एवढं ठरलंय की कुजलेला खांब बदलायचा, पण नव्या लाकडाला जुन्याचा रंग द्यायचा नाही. बाबा अजून पुरते राजी नाहीत.

परत आल्यावर आजीला सगळं सांगितलं. तिचा भाऊ लालबागला गिरणीत होता, त्यामुळे लग्नानंतर ती दोनदा राणीच्या बागेत गेलेली. सोनं, वर्ख, हत्ती तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मातीची माणसं आहेत ना अजून?"

"आहेत."

"आणि उजेड?"

"आता चांगला आहे. सगळं स्वच्छ दिसतं."

"बरं झालं," ती म्हणाली. "आम्ही गेलो तेव्हा इतका काळोख होता, एकाचंही तोंड नीट दिसलं नाही."

माझ्या समीक्षेत हे कुठे बसवायचं ते मला अजून कळलेलं नाही. पण वगळणं बरोबर झालं नसतं.