‘आधीं बीज एकलें’ : कंठाच्या आधारें प्रक्षिप्त झालेलें एक पद

तुकोबांच्या गाथेंतील अस्सल व प्रक्षिप्त यांचा तंटा जुना आहे. विष्णु परशुरामशास्त्री पंडित यांनीं देहू, तळेगांव, कडूस व पंढरपूर येथील पोथ्या पुढें ठेवून १८६९ व १८७३ सालीं इंदुप्रकाश छापखान्यांतून गाथेचे दोन भाग काढले. पुढें ठाण्याचे वि. ल. भावे यांनीं संताजी तेली जगनाडे यांच्या वह्यांवरून ‘अस्सल गाथा’ प्रसिद्ध केली. ‘अस्सल’ हें विशेषणच त्या तंट्याची साक्ष देतें. परंतु या वादांत एक गोष्ट उभयपक्षीं गृहीत धरलेली आढळते, ती ही कीं, प्रक्षेप होतो तो लेखणीनें, आणि गाथेंत शिरूं पाहणारा अभंग ‘तुका म्हणे’ या मुद्रेचें वस्त्र पांघरून येतो. या दोन्ही समजुतींस छेद देणारें एक उदाहरण गेल्या शतकांत आपल्या कानांवरून गेलें. त्याचा येथें परामर्श घ्यावयाचा आहे.

पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीचा ‘संत तुकाराम’ हा बोलपट १९३६ सालचा. दिग्दर्शक दामले व फत्तेलाल. तुकोबांच्या भूमिकेंत विष्णुपंत पागनीस. ‘आधीं बीज एकलें’ हें त्यांतील पद शांताराम आठवले यांनीं बोलपटासाठीं नवें रचिलें व केशवराव भोळे यांनीं त्यास चाल दिली. असें असतां तें तुकोबांचेंच समजून गाथेंत कोठें सांपडतें याची विचारपूस करणारे अभ्यासक निघाले, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. कवीच्या कौशल्याचा हा गौरव म्हणून ती हंसून सांगण्यांत येते. संशोधकानें मात्र हंसून थांबूं नये.

पदाची अंतरंगपरीक्षा कठीण नाहीं. पहिली गोष्ट, त्यांत मुद्रा नाहीं. दुसरी गोष्ट छंदाची. मोठ्या अभंगाचे पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे व चौथा चारांचा. लहान अभंगाचे चरण बहुधा आठ-आठांचे. या पदाचे पहिले तीन खंड मोजले तर सात, सहा व पांच अक्षरें भरतात. हा अभंग नव्हे. चालीवर बसविलेलें गीत आहे. तिसरी गोष्ट विचाराची. एका बीजापासून अनेक वृक्ष व अखेरीस पुन्हा एकच तत्त्व, हा दृष्टान्त वाचतांच छांदोग्याच्या सहाव्या अध्यायांत उद्दालकानें श्वेतकेतूस दाखविलेलें वटबीज आठवतें. सिद्धान्त निर्दोष आहे. पण तुकोबांच्या वाणींत सिद्धान्ताबरोबर बहुधा एक भांडणारा, रडणारा किंवा तृप्त झालेला ‘मी’ असतो. येथें देवास संबोधन आहे, संबोधणारा मात्र दिसत नाहीं. इतक्या खुणा उघड असतां फसगत कां व्हावी?

याचें उत्तर पागनिसांच्या कंठांत आहे. स्वदेशहितचिंतक मंडळींत स्त्रीभूमिका केलेला हा नट बोलपटांत नाटकी गाणें गात नाहीं. ताना-पलट्यांचा हव्यास नाहीं; शब्द आधीं, स्वर मागून. गाथेंतील अस्सल अभंग आणि आठवल्यांचें पद हीं दोन्ही तो एकाच श्रद्धेनें उच्चारतो, किंचितहि भेद करीत नाहीं. नटाच्या दृष्टीनें हा मोठा गुण होय. पाठचिकित्सकाच्या दृष्टीनें हेंच संकटाचें मूळ. मुद्रेचें काम येथें कंठानें केलें.

पुढील काम तबकडीनें व नभोवाणीनें केलें. बोलपटांत पदामागें प्रसंग असतो व श्रेयनामावलि असते. तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकडींत प्रसंग गळतो, आणि त्या काळच्या तबकड्यांवर गायकाचें नांव ठळक, तर कवीचें अनेकदां नसेच. नभोवाणीवर तर तेवढाहि कागद श्रोत्याच्या हातीं येत नाहीं. ‘संत तुकाराम’ आणि ‘पागनीस’ हीं दोन नांवें कानांवर पडतात, व तिसरें श्रोता आपल्या पदरचें जोडतो. पागनीस १९४३ सालीं निवर्तले. पुण्याचें आकाशवाणी केंद्र १९५३ सालीं सुरू झालें. अर्थात् त्या केंद्रावरून ज्यांनीं त्यांस ऐकलें, त्यांनीं प्रसंगावांचून उरलेला आवाजच ऐकला. घरोघरच्या तसबिरींतील तुकोबांस पागनिसांचा चेहरा मिळाला, हें अनेकांनीं नमूद केलें आहे; वाणीचीहि तीच गत झाली.

हा प्रवाह शेवटीं लेखणीपर्यंत पोहोंचतोच. येथें भिवंडींत एका भजनी मंडळाची हातवही प्रस्तुत लेखकास पाहावयास मिळाली. तींत हें पद दोन अस्सल अभंगांच्या मध्यें उतरलेलें असून शेवटीं निराळ्या शाईनें ‘तुका म्हणे’ एवढीं अक्षरें घातलीं आहेत. पुढें चरण नाहीं. लिहिणाऱ्यास मुद्रेची उणीव जाणवली व त्यानें ती भाबडेपणानें भरून काढली. आणखी शंभर वर्षांनीं ही वही कोणा संग्राहकाच्या हातीं लागली, तर ती तो कोणत्या सदरांत घालील?

योगायोग असा कीं, बोलपटाचा आरंभच या विषयानें होतो. तुकोबांचा अभंग सालोमालो आपला म्हणून मिरवितो आणि उलट तुकोबांवरच चोरीचा आळ घेतो. पडद्यावर संताचें कवित्व ढोंग्यानें बळकाविलें. पडद्याबाहेर एका सज्जन कवीचें कवित्व लोकांच्या भक्तीनें संतास वाहिलें. हेतु भिन्न, पण कर्त्याचें नांव दोन्हीकडे पुसलें गेलें.

‘पद चांगलें आहे, मग कोणाचेंहि असो,’ असा एक आक्षेप येईल. भजनास बसतांना तो मान्य, संशोधनांत नाहीं. तुकोबांच्या नांवावर जें त्यांचें नाहीं तें चढविल्यानें त्यांची थोरवी वाढत नाहीं, आणि आठवल्यांचें श्रेय मात्र हकनाक बुडतें.

म्हणून संग्राहकांस विनंति कीं, जुनी तबकडी ही पोथीच समजावी. चकतीवरील मजकूर अक्षरशः उतरून घ्यावा. चकतीलगत कोरलेला सांचाचा क्रमांक हा पुष्पिकेसारखा पुरावा आहे, तो टिपावा. नभोवाणीवरून घरीं उतरविलेल्या फितींवर प्रक्षेपणाचा दिनांक व निवेदकाचे शब्द नोंदवावेत. भजनाच्या वह्या पाहतांना मुद्राहीन पदें वेगळीं काढून प्रथम बोलपटांच्या गीतपुस्तिकांशीं ताडून पाहावींत. कागदाच्या पोथ्यांस जी शिस्त आपण लावितों, ती आवाजाच्या पोथ्यांस लाविल्यावांचून गेल्या शतकाचा मराठी पाठ शुद्ध होणार नाहीं.